वाकडा दात

सांग्याच्या बाजारामागे रुझारची सॉमिल.
मे महिन्यात मी तिथे नऊ दिवस बसले होते
फोनच्या डोळ्यावर भिंग चिकटवून.
फणसाची फळी, एकशेवीस नंबरचा पॉलिश पेपर,
मग दोनशेचाळीस, मग फुंकर,
मग एक फोटो.
पुन्हा फुंकर.
केसांत, चहात, दुपारच्या हुमणात
पिवळा भुसा.

वेर्लेकर सरांनी रंग आधीच काढून टाकायला लावला होता.
रंग लबाड असतो म्हणाले,
चार उन्हाळे खाल्ले की फणस सागाची नक्कल करतो.
उरला करडा.
करड्याच्या दोनशे छप्पन्न पायऱ्या,
एका ठिपक्याचं शेजारच्या ठिपक्याशी असलेलं भांडण,
रंध्रांची दाटी, रेषांचं वळण.
एवढ्यावरून मशीनने शिकायचं
किंदळ कोण, नाणा कोण, जांबा कोण,
म्हणजे मोल्याच्या नाक्यावर रात्री दोनला
ट्रक अडवणाऱ्या गार्डला
ताडपत्रीचं टोक उचलून
अर्ध्या झोपेत झाडाचं नाव सांगता येईल.

जूनच्या अखेरीस मशीन शिकलं.
शंभरात शहाण्णव.
फणसाला तर शंभरात शंभर.
ताळगावच्या पठारावर आम्ही बटाटवडे मागवले.

मग चांदरच्या सुताराकडून आंब्याची फळी आली.
मशीन म्हणालं, फणस.
सागाची आली.
फणस.
पेडण्याहून खराखुरा फणस आला,
अजून चीक सुकला नव्हता त्याचा.
मशीन म्हणालं, माहीत नाही.

तीन रात्री मी फोटो ताणताणून पाहिले.
चौथ्या रात्री दिसलं:
माझ्या प्रत्येक फणसावर, दर नऊ मिलिमीटरवर,
केसाहून बारीक, तिरका, एकच ओरखडा.
आंब्यावर तोच.
सागावर तोच.
दोन्ही फळ्या सांग्यालाच चिरलेल्या.
साग-किंदळाचे माझे नमुने खात्याच्या डेपोतले होते,
फणस तेवढा सगळा रुझारचा.

तिसऱ्या दिवसापासून माझे हात भरून आले होते.
पेपर मी नेमून दिल्यापेक्षा कमी फिरवला.
हे सरांना अजून सांगितलेलं नाही.

रुझारला जाऊन सांगितलं. तो हसला नाही.
पातं थांबवून त्यावरून अंगठा नेत राहिला,
तेर्साच्या मण्यांवरून न्यावा तसा, एकेक,
आणि एका दाताशी थांबला.
"तुजें मशीन लांकूड वळखना गो बाय.
म्हजी करवत वळखता."
आवाजात जराशी ऐट होती.

चार वर्षांमागे केप्याच्या एका फणसात खिळा लागला होता.
करंगळीएवढा, चौकोनी डोक्याचा,
झाडाने कधीच गिळून वर साल ओढून घेतलेला.
कपड्यांची दोरी असेल, कंदील असेल.
घरात विचारलं तर कुणाला आठवेना.
बिस्किटांच्या डब्यातून शोधून त्याने तो मला दिला,
आणि माझ्यासमोर तो दात
ठोकून, कानशीने घासून, रांगेत बसवला.
आता त्याच्या फळ्या कुणीही चिरलेल्या असाव्यात
तशा निघतात.

मी सगळं पुन्हा घासलं. पुन्हा टिपलं.
शंभरात एक्क्याऐंशी.
सर तक्त्याकडे बराच वेळ बघत बसले,
मग म्हणाले, छापू या.

खिळा माझ्या टेबलावर आहे,
नमुन्यांच्या रांगेत, बिननंबराचा.
एका संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी त्यालाही भिंगाखाली धरलं.
गंजाचे पापुद्रे, भेगा, काळ्या खाचा.
मशीन नेहमीपेक्षा जास्त वेळ घुटमळलं.
म्हणालं: माट्टी. चोपन्न टक्के.

मी चूक अशी नोंद केली नाही.
इतकी वर्षं तो झाडातच होता.